चौथा पापुद्रा

आमच्या केंद्रात उन्हाळ्यात दोनच गोष्टी वेळेवर येतात, धूळ आणि कांदा. बाकी सगळं, बदलीच्या ऑर्डरपासून प्यायच्या पाण्याच्या जारपर्यंत, वाट बघायला लावतं. साक्रीच्या पुढे, सुरत हायवेला लागून हे केंद्र आहे आणि मी तिथली निर्यात जलतपासणी अधिकारी. पदनाम ऐकून लोकांना वाटतं, बाई मोठी असणार. मोठी कसली, दिवसभर कांदे सोलते. म्हणजे यंत्र सोलतं, मी नुसती बघत बसते, आणि संध्याकाळी घरी गेले की कांद्याच्या वासानं जेवण जात नाही.

त्या दिवशी सकाळचा चहा व्हायच्या आत करंजवेलचा ट्रक दारात उभा राहिला. करंजवेल माझं माहेर. तिथल्या फडाचा कांदा म्हणजे आमच्या केंद्रातला सगळ्यात बिनघोर माल. चार वर्षांत एकदाही त्यावर लाल रेघ आली नव्हती. मी मशीनवरच्या मुलीला म्हटलंसुद्धा, आधी हा घे, पटकन होईल, मग निवांत चहा पिऊ.

चहा गार झाला. पहिल्या कांद्यात चौथ्या पापुद्र्यावर लाल रेघ आली. दुसऱ्यातही चौथ्यावरच. गोण्या बदलून बघितल्या, वेगवेगळ्या शेतांचे कांदे काढून बघितले. सगळ्यांत तेच, तेवढंच, त्याच जागी. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, मशीन पुसून परत लाव. मशीनला काही झालेलं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, पण माणूस हात-पाय मारून बघतोच.

आता हे लाल रेघेचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

पाणी सगळं सारखं दिसतं, पण सारखं नसतं. पाण्यातला ऑक्सिजन बहुतेक हलका असतो आणि अगदी थोडा जड. यंदाच्या पावसाचं, धरणात उन्हानं तापलेलं, नदीतून वाहत आलेलं पाणी घ्या. त्यातला हलका भाग वाफ होऊन उडालेला असतो, म्हणून जड ऑक्सिजनचं प्रमाण जरासं वाढलेलं असतं. आणि हजार फुटांवरच्या बोअरचं पाणी घ्या. ते आपल्या खापरपणजोबांच्याही कितीतरी आधी, वेगळ्याच हवामानात पडलेल्या पावसाचं. काळ्या दगडाच्या भेगांत ते युगं बसून राहिलेलं असतं, दगडातले क्षार अंगात मुरवून. जिभेला दोन्हींतला फरक कळत नाही. पण रोपाला त्याच पाण्यातून आपलं अंग घडवायचं असतं, त्यामुळे मुळांनी जे ओढलं त्याची खूण तंतूत बसते ती बसतेच, मग कांदा धुवा, वाळवा, नाहीतर चाळीत ठेवा.

कांद्याची आणखी एक गंमत आहे. त्याचे पापुद्रे एकदम येत नाहीत. बाहेरचा आधी भरतो, आतला नंतर. म्हणजे बाहेरून आत सोलत गेलं की लागवडीपासून काढणीपर्यंत कुठल्या पाळीला कुठलं पाणी मिळालं, ते ओळीनं कळतं. पूर्वी ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत व्हायची आणि निकाल यायला महिना लागायचा. मग फ्रीजएवढं एक यंत्र आलं. ते पापुद्र्याचा केसाएवढा तुकडा काढतं, जाळतं, त्याच्या वाफेतून लेसर सोडतं आणि पडद्यावर रेघ मारतं. नव्या पाण्याची हिरवी, जुन्या पाण्याची लाल. सरकारी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला सोलणी म्हणतो.

ही सोलणी आली आणि देशाचं व्यापाराचं धोरणच बदललं. त्याआधी आपल्याला वाटायचं, आपण कांदा विकतो, साखर विकतो, तांदूळ विकतो. हिशेब मांडल्यावर कळलं की एका गोणीमागे जवळपास एक टँकर पाणी खर्ची पडतं, आणि ते बोटीत बसून परदेशी चाललंय. इकडे निम्म्या देशात बोअर कोरडे पडत होते. मग कायदा झाला. दरवर्षी भरून येणारं वाहतं पाणी वापरून पिकवलं असेल तर माल खुशाल बाहेर पाठवा. जुनं पाणी, म्हणजे खोल बोअरचं, ते परत भरत नाही, ते देशातच राहील. त्यावरचं पीक इथंच विका, बंदराकडे नेऊ नका. मला विचाराल तर कायदा चांगला होता. अजूनही चांगलाच आहे. हेच तर दुखणं आहे.

आणि या कायद्यात माझाही एक खारीचा वाटा होता. आमच्या भागात नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालची जमीन मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या तुकड्याला फड म्हणतात. एका फडात कितीही जणांची शेतं असोत, पीक सगळ्यांनी एकच घ्यायचं आणि पाणी पाळीनं घ्यायचं. शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. गावानं नेमलेला पाटकरी सोडेल तेव्हा आणि तेवढंच. बंधाऱ्याजवळचा आहे म्हणून जास्त नाही, शेवटचा आहे म्हणून कमी नाही. पाऊस कमी झाला तर सगळ्यांनी मिळून कमी पेरायचं. पाणी जपायचं म्हणून जगभर ज्या परिषदा भरतात, त्यांना जे साधत नाही ते आमच्या आज्या-पणज्या बांधावर उभ्या राहून करत होत्या.

कायद्यात निर्यातीचा शिक्का एकेका शेतकऱ्याला मिळायचा होता. मी म्हटलं, फडाला एकत्र द्या. त्यासाठी पुण्याच्या इतक्या चकरा मारल्या की शिपायानंसुद्धा मला चहा विचारायचं सोडून दिलं. शेवटी गट-शिक्का मंजूर झाला. करंजवेलचा फड तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. तरुण पोरं सुरतेला, शेतं ओसाड. शिक्का मिळाला, आखाती देशांतून मागणी आली आणि चार वर्षांत पोरं परत आली. पाट साफ झाला. नोकरीत एवढं एकच काम मी केलं, ज्याचा मला मनापासून अभिमान होता.

फक्त त्या मंजुरीत वरून एक कलम घातलं गेलं. गटाच्या मालात जुनं पाणी सापडलं तर गटानं पंधरवड्यात दोषी सभासदाचं नाव द्यायचं आणि त्याला गटाबाहेर काढायचं. तपासणी अधिकाऱ्यानं, म्हणजे मी, ते नाव तपासणीशी जुळतं असं लिहून द्यायचं. मग गटाचा शिक्का राहतो. नाव दिलं नाही तर शिक्का तीन हंगाम रद्द. आणि दोषी जर गटाचा पदाधिकारी असेल तर गटच दोषी धरायचा. तेव्हा मी ते कलम वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, फडात कोण कशाला बोअर सोडतोय.

करंजवेलच्या फडाचा अध्यक्ष माझा मोठा भाऊ, बापू. मी त्याला फोन लावला आणि रेघेचं सांगितलं. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तो म्हणाला, तू ये, फोनवर नको.

मी दुपारच्या उन्हातच निघाले. बापू पाटाच्या कडेला करंजाच्या सावलीत बसला होता. आम्ही घरात अहिराणी बोलतो, ते सगळं इथं तसंच्या तसं मांडत बसत नाही. तो आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करत बसला. मी म्हटलं, गुडघे गेले खड्ड्यात, फेब्रुवारीत काय केलंस ते सांग.

त्यानं सांगितलं. फेब्रुवारीत वरच्या धरणातून पाणी सोडायचं आवर्तन लांबलं. नदी आटत आली. पाटात जे पाणी होतं ते निम्म्या शेतांपर्यंत जेमतेम पोचलं. शेवटचं शेत कोकिळावहिनींचं. कोकिळावहिनी म्हणजे आमच्या भावकीतल्या, नवरा गेलेला, मुलगा सुरतेला मिलमध्ये, दोन बिघे रान आणि त्यात कांदा. तो मान टाकायला लागला होता. बापूच्या घरामागे गुरांसाठी आणि घरासाठी एक खोल बोअर आहे, कायद्यानं चालतो असा. बापूनं त्याचा पाईप ओढला आणि एक पाळी पाणी दिलं.

पाईप कुठं ओढला होता, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं, तो अजून तिथंच पडला होता. पाटाच्या तोंडाशी. म्हणजे पाणी वहिनींच्या शेतात न सोडता पाटाच्या सुरुवातीला सोडलं होतं. तिथून ते पाटकऱ्यानं पाळीप्रमाणे प्रत्येकाच्या शेतात फिरवत फिरवत शेवटी वहिनींकडे नेलं. जे पाणी एका दिवसात झालं असतं, त्यासाठी बापूचा पंप आठवडाभर चालू होता.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे, पाईप होता ना तुझ्याकडे? सरळ वहिनींच्या शेतात सोडायचं. त्यांचा एकटीचा माल अडकला असता. बाकी सगळा फड वाचला असता."

बापूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या परमुलखातून आलेय.

"फडात पाणी एकाला देत नाहीत, जोस्ना. पाटात देतात."

हे त्यानं रागानं म्हटलं नाही. समजावून सांगावं तसं म्हटलं. एकट्याच्या शेतात वेगळं पाणी नेलं की तो फडातून उठला, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. वहिनींच्या बांधावर पाईप नेऊन टाकणं म्हणजे त्यांना भीक घालण्यासारखं झालं असतं, आणि वर फडातून काढल्यासारखं. पाटातून आलं तर ती त्यांची पाळी, त्यांचा हक्क. सोलणीचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. एका पाळीनं काय होतंय, असं त्याला वाटलं. आणि कांदा डोळ्यांसमोर वाळत होता.

मी कपाळाला हात लावला. या एका पाळीमुळे सगळ्या फडाच्या कांद्यात, प्रत्येकाच्या चौथ्या पापुद्र्यात, सारखं जुनं पाणी वाटलं गेलं होतं. अगदी चोख वाटणी. चोरून करणाऱ्यानं कधीच अशी केली नसती. सोलणीच्या पडद्यावर पहिल्यापासून तेच दिसत होतं, फक्त मला ते वाचता आलं नव्हतं.

दोन दिवसांनी कांद्याच्या चाळीत पंच, म्हणजे फडाचे पदाधिकारी, आणि सगळे सभासद बसले. मलाही बोलावलं. बापूनं सरळ सांगून टाकलं की बोअर माझा, पंप मी चालू केला, माझं नाव द्या. मीच त्याला कलम वाचून दाखवलं. अध्यक्षाचं नाव दिलं तर गटच जातो. बापू खाली बसला. तो म्हातारा झालाय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग बराच वेळ नुसती कुजबुज. शेवटी हर्षल बोलला. हर्षल तिशीतला, सुरतेची चांगली नोकरी सोडून फडासाठी परत आलेला, पाटाच्या सफाईत सगळ्यात पुढे असणारा. तो वाईट पोरगा नाही, हे मला आधीच सांगू दे. तो म्हणाला की एक नाव तर द्यावंच लागणार आणि ते पंचातलं चालणार नाही. फडाची जमीन कमीत कमी जाईल असं बघायचं तर शेवटचं शेत. पाणीही तिथल्यासाठीच आलं होतं. कोकिळाकाकूंचं त्यानं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळे खाली बघत होते, आणि कुणी नाहीही म्हणालं नाही.

कोकिळावहिनी बायकांमध्ये मागे बसल्या होत्या. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "लिहा माझं नाव. मला कुणी विचारायची काय गरज?"

एवढं बोलून त्या खाली बसल्या. कुणी रडलं असतं, भांडलं असतं, तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. ठराव झाला, सह्या झाल्या, चहा आला. वहिनींनी आपला चहा बशीत ओतून शांतपणे प्यायला. बापूनं तो ठराव माझ्या हातात देताना माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. एवढंच म्हणाला की आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, एवढं एक कर.

खरंच त्यानं कधी मागितलं नव्हतं. माझं शिक्षण, लग्न, सगळं त्यानं निस्तरलं. मी ठराव पर्समध्ये ठेवला आणि गाडीत बसले.

पुढचे दहा-बारा दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. केंद्रात जाऊन मी वहिनींच्या शेतातला कांदा सोलणीत घातला, मग हर्षलच्या शेतातला, मग बापूच्या. तिन्हींच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या तर ओळखू येऊ नये. आणि मला लिहून द्यायचं होतं की जुनं पाणी फक्त कोकिळाबाईंनी वापरलं. लिहिणं अवघड नव्हतं. विचारणारं कोणी नव्हतं. करंजवेलला कोणी यायचं नव्हतं.

पण पेन उचललं की मला त्या चाळीत खाली बघणारी माणसं दिसायची. आज हे नाव दिलं की पुढच्या दुष्काळात दुसरं देतील. ज्याचं शेत शेवटी, त्याचं नाव तयार. आणि आणखी एक होतं, तेही सांगते. मला वाटलं, खरं नीट लिहिलं तर वाचणाऱ्याला कळेल. मी अहवालात सगळं लिहिलं. पापुद्र्यांच्या रेघा जोडल्या, पाटाचा नकाशा जोडला. लिहिलं की ही चोरी नसून वाटणी आहे, कायद्याला ज्या प्रकारचा शेतकरी हवा आहे तो हाच आहे, एका पाळीची सूट द्यावी. रात्री गाढ झोपले. इतकी वर्षं सरकारी नोकरी करून ही अक्कल.

पुण्याहून राजवाडे मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. बाई हुशार आणि मनानं चांगली आहे. अहवाल तिनं खरोखर वाचला होता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणाली, वाचताना मला भरून आलं, पुढच्या धोरणाच्या आढाव्यात हे उदाहरण मी स्वतः मांडणार आहे. मग तिनं चष्मा काढला. मला कळलं, आता ‘पण’ येणार.

पण सूट देता येणार नव्हती. एकाला दिली की उद्या प्रत्येक साखर कारखाना सांगेल, आम्हीही बोअर शेवटच्या शेतकऱ्यासाठीच सोडला होता. बड्या बागायतदारांचे वकील टपून बसले होते. घेणाऱ्या देशांशी झालेल्या करारातही सवलतीला जागा नव्हती. तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, त्यामुळे मला भांडताही येईना. शेवटी तिनं हळूच विचारलं, नाव दिलं होतं ना त्यांनी, मग तुम्ही ते घेतलं का नाहीत? मी म्हटलं, ते खोटं होतं. ती म्हणाली, हं.

करंजवेलच्या फडाचा शिक्का तीन हंगामांसाठी गेला.

फड मोडायला काही भांडण लागलं नाही. शिक्का होता तोवर पाळीसाठी थांबण्यात अर्थ होता. सगळ्यांनी एकच पीक घेण्यात अर्थ होता. शिक्काच नाही, माल इथल्याच बाजारात जायचा, तिथं पाणी कुठलं हे कोण विचारतंय? मग मनाला येईल ते पेरावं आणि बटण दाबून पाणी द्यावं. हर्षलनं गणपतीत बोअर मारला. तो मला भेटायला केंद्रात आला होता, मान खाली घालून. म्हणाला, आत्या, मला घर चालवायचंय. मी म्हटलं, मी काही म्हणतेय का? त्याच्यामागून एकेक करत सगळेच मारायला लागले. दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा वेशीपासूनच बोअरच्या गाडीची घरघर ऐकू येत होती. खोल काळ्या दगडाची पांढरी भुकटी उडून तुळशीवर बसली होती. जे पाणी वाचावं म्हणून हा सगळा कायदा झाला, तेच पाणी त्या कायद्याच्या एका कलमामुळे वर येत होतं.

बापू माझ्याशी वाईट वागला नाही. ओवाळून घेतलं, फराळ पुढे केला. फक्त बोलला नाही. माझ्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी केली नाही. पाटाकडे त्यानं जाणं सोडलं होतं. पाटात गाजरगवत वाढलं होतं आणि पाटकरी एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागला होता. मी बापूला म्हटलं, तीन हंगामांनी शिक्का परत मिळेल. तो म्हणाला, कुणाला?

एवढ्या सगळ्यात मला एकाच गोष्टीचा आधार होता. कोकिळावहिनी. निदान त्या बाईवर मी अन्याय होऊ दिला नाही. फड गेला, भाऊ दुरावला, पण एका निरपराध बाईचं नाव माझ्या हातून लिहिलं गेलं नाही. दिवाळीत त्या काही घरी आल्या नाहीत आणि मीही त्यांच्याकडे गेले नाही. वाटलं, कांद्याच्या लागणीच्या गडबडीत असतील.

डिसेंबरात एक दिवस दुपारी त्या केंद्रात आल्या. एकट्या, एसटीनं, हातात कापडी पिशवी. मी त्यांना आत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. त्यांनी ग्लास तोंडाला लावला नाही. इकडंतिकडं बघून विचारलं, तेच का ते मशीन? मी हो म्हटलं. त्यांनी थोडा वेळ सोलणीकडे बघितलं. मग पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"ताई, आता तरी लिहा माझं नाव," त्या म्हणाल्या. "मी अंगठाही देते, सहीपण देते. पाणी मी चोरलं म्हणून लिहा."

मी त्यांना मुदतीचं सांगितलं. पंधरवडा केव्हाच संपला, आता लिहून काही उपयोग नाही, हे तीन-तीनदा सांगितलं. वर हेही म्हणाले की वहिनी, तुम्ही काहीही चूक केलेली नाही, तुम्हाला शिक्षा व्हावी असं मला वाटलं नाही, म्हणून मी तेव्हा लिहिलं नाही. मला वाटत होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

त्यांनी कार्ड परत पदरात बांधलं. गाठ नीट बसेना, म्हणून पुन्हा सोडून बांधली. मग बोलल्या, अगदी हळू.

विहिरीवर त्या गेल्या की बायका बोलायच्या थांबतात. हर्षलची आई त्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवते. कुणी शिवी देत नाही, कुणी काही विचारत नाही. पण गावात कुणाच्याही घरी बोअरची गाडी आली की लोक आधी त्यांच्या शेताकडे बघतात. मुलगा म्हणतो, सुरतेला ये. जमीन विकायला काढली तर घ्यायला कुणी तयार नाही. त्या शेवटच्या शेताला आता पाट नाही आणि बोअर मारायची त्यांची ऐपत नाही.

"तुम्ही नाव टाकलं असतं तर मी फडाबाहेर गेले असते," त्या म्हणाल्या. "गेले असते तर गेले असते. फड तर राहिला असता, बांधावरून बघितला असता. आता फड नाही, आणि मी गावात आहे. रोज आहे."

माझ्याकडे अहवाल होता, रेघा होत्या, राजवाडे मॅडमचं भरून आलेलं मन होतं. त्यातलं वहिनींना द्यावं असं काही नव्हतं. मी म्हटलं, चला, फाट्यापर्यंत सोडते. त्या नको म्हणाल्या नाहीत.

फाट्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. समोरून कांद्याचे ट्रक जात होते, हिरव्या शिक्क्याचे, बंदराच्या दिशेनं. एसटी आली. पायरी उंच होती, म्हणून मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि एकट्याच वर चढल्या.